इंदूरला रुग्णांसाठी हेलिकॉप्टर मिळाले, तर ते दुसऱ्या कोणत्याही कामाला देऊ नये

तुकोगंजकर

मध्य प्रदेशात २०२४ पासून ‘पीएम श्री एअर ॲम्ब्युलन्स’ ही सेवा सुरू आहे. या सेवेत एक विमान आणि एक हेलिकॉप्टर असून आयुष्मान कार्डधारक रुग्णांना ती विनामूल्य मिळते. एवढ्या मोठ्या राज्याला एक हेलिकॉप्टर पुरणार नाही, माळवा आणि निमाड या राज्याच्या पश्चिमेकडील भागांसाठी इंदूरला स्वतंत्र हेलिकॉप्टर हवे, ही मागणी आपल्या शहरात वारंवार होते आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र त्या मागणीला एक सूचना हमखास जोडली जाते. रुग्ण नसेल तेव्हा तेच हेलिकॉप्टर दौऱ्यांना, पाहणीला किंवा भाड्याने द्यावे, म्हणजे खर्च भरून निघेल, असे सांगितले जाते. या सूचनेला माझा ठाम विरोध आहे.

अशा हेलिकॉप्टरचा दिवस कसा जातो, ते आधी पाहू. उजाडताच तंत्रज्ञ गिअरबॉक्समधील तेलाची पातळी, हायड्रॉलिक प्रणाली, मुख्य पंख्याची पाती आणि शेपटीचा पंखा तपासतो. वैमानिक हवामान पाहतो. डॉक्टर आणि परिचारक ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, हृदयाला विजेचा झटका देणारे डिफिब्रिलेटर आणि औषधांची पेटी यादीप्रमाणे पडताळून घेतात. त्यानंतर सगळे थांबतात. दूरध्वनी आला की काही मिनिटांत पंखा फिरू लागला पाहिजे, यासाठीच ते थांबणे असते. जर्मनीत म्युनिकच्या हार्लाखिंग रुग्णालयात १ नोव्हेंबर १९७० रोजी ‘क्रिस्टोफ १’ हे हेलिकॉप्टर सेवेत आले, तेव्हापासून तिथली व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे. यंत्र रुग्णालयातच ठेवायचे, डॉक्टर सोबत न्यायचा, साधारण पन्नास-साठ किलोमीटरचा परिसर सांभाळायचा आणि हाक आल्यावर दोन-तीन मिनिटांत निघायचे. अग्निशमन दलाचा बंब दिवसभर उभा असतो म्हणून त्यातून कोणी वाळू वाहत नाही. ज्या क्षणी हे हेलिकॉप्टर दुसऱ्याच्या कामाला जाईल, त्या क्षणी निमाडमधल्या रुग्णासाठी ते अस्तित्वातच नसेल.

महूकर

तुकोगंजकर, आपला हेतू चांगला आहे, पण थांबलेल्या यंत्राला काही खर्च पडत नाही आणि ते झिजत नाही, हे आपण गृहीत धरले आहे. मी हवाई दलात हेलिकॉप्टरच्या देखभालीत नोकरी केली आहे, म्हणून या बाजूबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

हेलिकॉप्टरच्या भागांचे आयुष्य तीन प्रकारे मोजले जाते. काही भाग उड्डाणाच्या तासांवर बदलतात, काही इंजिन सुरू-बंद होण्याच्या किंवा उतरण्याच्या संख्येवर, आणि काही केवळ महिन्यांवर, मग यंत्र उडो वा न उडो. रुग्णवाहिकेची उड्डाणे छोटी असतात, त्यामुळे तिचे तास हळूहळू वाढतात, पण इंजिनाची चालू-बंद त्या मानाने फार होते, आणि टर्बाइनच्या चकतीला खरा ताण प्रत्येक वेळी तापण्या-थंडावण्याचाच बसतो. दुसरीकडे, नुसते उभे ठेवलेले यंत्रही सुरक्षित राहत नाही. रबरी सील कोरडे पडतात, बॅटरी उतरते, पावसाळ्यात सांध्यांवर गंज धरू लागतो आणि टाकीत पाणी साठले तर इंधनात सूक्ष्मजीव वाढतात.

एक लहानशी गोष्ट सांगतो. गिअरबॉक्सच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा एक चुंबकीय खिळा बसवलेला असतो, त्याला आम्ही चिप डिटेक्टर म्हणतो. आतले दातेरी चक्र किंवा बेअरिंग झिजू लागले की धातूचा कीस तेलातून वाहत येऊन त्या चुंबकाला चिकटतो आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. तो खिळा बाहेर काढून पांढऱ्या कापडावर पुसायचा आणि आलेला कीस भिंगाखाली पाहायचा. केसासारखी बारीक भुकटी असेल तर ती बहुधा नेहमीची झीज असते, पण चकाकणारा पापुद्रा निघाला तर यंत्र तिथेच थांबते, मग बाहेर कोणाचाही जीव टांगणीला लागलेला असो. असे दिवस येतातच. शिवाय ठरावीक तासांची मोठी तपासणी असते, तेव्हा यंत्र कित्येक दिवस सुटे करून ठेवलेले असते. म्हणून ‘एक राखीव हेलिकॉप्टर’ ही व्यवस्थाच अपुरी आहे. किमान दोन हवीत, आणि दोनांचा खर्च केवळ रुग्णांसाठी कोणतेही सरकार वर्षानुवर्षे करत राहील, असे मला वाटत नाही. पूर, शोधकार्य, पोलीस, आरोग्य अशी कामे दोन यंत्रांत वाटून घ्यावीत आणि रुग्णाला पहिला हक्क द्यावा, हे मला अधिक टिकाऊ वाटते.

स्नेहलतागंज

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. महूकर काका, दोन यंत्रांचा आपला मुद्दा पटतो, पण ‘पहिला हक्क रुग्णाला’ हे कागदावर जितके सोपे दिसते, तितके प्रत्यक्षात नसते. आसने काढायची, स्ट्रेचरचा साचा बसवायचा, ऑक्सिजनची जोडणी तपासायची, व्हेंटिलेटर आणि शिरेतून औषध देणारे इन्फ्युजन पंप खिळवायचे, हे काम घाईत केले की एखादी नळी सैल राहते. हवेत गेल्यावर ती सापडत नाही. पंख्याच्या आवाजात स्टेथोस्कोपने काहीही ऐकू येत नाही, मॉनिटरची घंटाही ऐकू येत नाही, सगळे नजरेने पाहावे लागते. लहान हेलिकॉप्टरमध्ये रुग्णाच्या छातीवर नीट दाब देण्याइतकी जागासुद्धा नसते.

म्हणूनच बहुतेक निर्णय उडण्याआधी घ्यावे लागतात. श्वास अडखळण्याची शक्यता असेल तर श्वासनळीत नळी उड्डाणाआधीच घालून घ्यावी. फुफ्फुसाबाहेर हवा साठली असेल तर छातीत निचरा-नळी आधी घालावी, कारण उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो आणि अडकलेली हवा फुगते. विमानाच्या मानाने हेलिकॉप्टर बरेच खालून उडते, त्यामुळे हा धोका कमी असतो, पण घाटमाथा ओलांडताना तो विसरून चालत नाही. श्वासनळीतील नळीभोवती हवेचा छोटा फुगा असतो, त्याचा दाबसुद्धा मोजत राहावा लागतो.

आमच्याकडे बाहेरगावाहून पाठवलेले रुग्ण येतात तेव्हा अनेकदा सोबत धड टिपण नसते. कोणते इंजेक्शन किती वाजता दिले, हे नातेवाइकांना विचारावे लागते, आणि ते बिचारे रडत असतात. हेलिकॉप्टर कितीही तत्पर असले तरी पाठवणाऱ्या ठिकाणी रुग्ण तयार करणारा माणूस नसेल, तर आपण एक असुरक्षित रुग्ण अधिक वेगाने आणतो, एवढेच होईल.

निमाडकर

ताईंच्या शेवटच्या वाक्यापासूनच मी सुरुवात करतो, कारण माझा विरोध संपूर्ण कल्पनेलाच आहे. बडवानी जिल्ह्यात शासकीय आरोग्यसेवेत मी बराच काळ होतो. तिथून इंदूर रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसलेल्या बाईला हेलिकॉप्टर नको असते, तिला त्याच इमारतीत तिच्या गटाचे रक्त, भूल देणारा डॉक्टर आणि शस्त्रक्रिया करणारे हात हवे असतात. तिच्याजवळचा वेळ परवानगी, हवामान आणि हेलिपॅड या तिन्हींची वाट पाहण्याइतका नसतो. सर्पदंशाचेही तसेच आहे. प्रतिविषाचे इंजेक्शन आणि श्वास चालू ठेवणारा माणूस जवळ असेल, तर पुढचा प्रवास शांतपणे गाडीने करता येतो.

आणि हे प्रसंग येतात केव्हा? पावसाळ्यात, रात्री. इंदूर-मुंबई महामार्गावरच्या गणेश घाटात वर्षानुवर्षे ट्रकचे ब्रेक निकामी होऊन माणसे मेली, त्यांतले कित्येक अपघात अंधारात झाले. रात्री, ढग उतरलेले असताना, घाटात विजेच्या तारांच्या मधोमध कोणता वैमानिक उतरेल? उन्हाळ्याची अडचण निराळीच आहे. निमाडात पारा चाळिशीच्या वर गेला की हवा विरळ होते, पंख्याला उचल आणि इंजिनाला शक्ती कमी मिळते, आणि मग माणसे किंवा इंधन, काहीतरी खाली ठेवावे लागते.

लंडनचे उदाहरण अनेकदा दिले जाते. तिथली हवाई रुग्णवाहिका १९८९ पासून प्रसिद्ध आहे, पण रात्री तेच डॉक्टर वेगवान मोटारीने जातात, हे सांगितले जात नाही. २०१२ पासून ते घटनास्थळी रक्त सोबत नेतात. म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट डॉक्टर आणि रक्त ही आहे, आणि ती मोटारीतूनही पोहोचते. एका हेलिकॉप्टरच्या खर्चात १०८ च्या किती गाड्यांवर प्रशिक्षित माणूस बसेल, किती जिल्हा रुग्णालयांत रक्तसाठा टिकेल, हा प्रश्न मी प्रत्येक सभेत विचारतो आणि पुढेही विचारणार आहे.

तुकोगंजकर

निमाडकर, प्रसूतीच्या रुग्णाबद्दल आपण लिहिले ते मला मान्य आहे आणि रक्ताची मागणी मी आपल्याबरोबर उभा राहून करीन. पण प्रत्येक रुग्ण तसा नसतो. मेंदूला मार लागलेला तरुण, मोठ्या भाजण्याचा रुग्ण, अँजिओप्लास्टी लागणारा हृदयरुग्ण, अतिदक्षतेची गरज असलेले अर्भक, यांना लागणारी यंत्रणा प्रत्येक जिल्ह्यात उभी राहायला पिढी जाईल. तोपर्यंत त्यांनी साडेतीन-चार तास गाडीत काढायचे, हे मी कसे स्वीकारावे? जिल्हा रुग्णालयात स्थिर केलेला रुग्ण दिवसाउजेडी तासाभरात इंदूरला आणणे, एवढे मर्यादित काम जरी या हेलिकॉप्टरने केले तरी ते मोठे आहे. घाटात, रात्री उतरण्याची अपेक्षा मी केलेलीच नाही.

विलंबाचे खरे मूळ मला परवानगीत दिसते. आज उड्डाणाला प्रशासकीय अधिकाऱ्यांची मंजुरी लागते. सार्वजनिक पैशाचा हिशेब राहावा हे योग्यच आहे, परंतु उड्डाणाचा निर्णय एका वरिष्ठ डॉक्टरने घ्यावा आणि कागद मागाहून पूर्ण व्हावेत. आता त्याच यंत्रावर दुसऱ्या खात्याचाही हक्क ठेवला, तर दोन अधिकाऱ्यांमधल्या वाटाघाटीचा वेळ त्यात मिसळेल. महूकर, आपले दोन यंत्रांचे म्हणणे मी मागणीत जोडतो, पण दोन्ही रुग्णांसाठीच असावीत.

महूकर

पूर आणि शोधकार्य यांबाबत माझे मत बदललेले नाही. ज्या वैमानिकाला महिन्यातून मोजकीच उड्डाणे मिळतात, त्याचा हात बसलेला राहत नाही, आणि सराव कमी असलेला वैमानिक रुग्णासाठी धोकादायक असतो. शोधकार्याच्या उड्डाणांतून तो सराव मिळतो. राजकीय दौऱ्यांना मात्र माझाही विरोध आहे, आणि त्याचे कारण पैशाचे नसून सवयीचे आहे. मोठ्या माणसाला नकार द्यायला कचरणारा वैमानिक उद्या रडणाऱ्या नातेवाइकांनाही नकार देऊ शकणार नाही.

नकार ही या कामातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. अमेरिकेत २००८ हे वर्ष हवाई रुग्णवाहिकांच्या अपघातांत सर्वाधिक जीवितहानीचे ठरले. पुढच्या वर्षी तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने जाहीर सुनावणी घेतली, आणि २०१४ मध्ये उड्डाणापूर्वी जोखमीचे मोजमाप व जमीन किंवा डोंगर जवळ आल्याची सूचना देणारे उपकरण यांबद्दलचे नियम आले. तिथे अनेक ठिकाणी एक पद्धत पाळतात. रुग्ण कोण आहे, बालक आहे की वृद्ध, किती गंभीर आहे, हे वैमानिकाला सांगितलेच जात नाही. त्याला फक्त ‘इथून तिथे जाता येईल का’ एवढे विचारतात, म्हणजे तो हवामानावरून उत्तर देतो, दयेवरून देत नाही. दुसरा नियम असा की निघायला सर्वांची संमती लागते, पण थांबवायला एकाचा नकार पुरतो, मग तो नकार परिचारिकेचा का असेना. हेलिकॉप्टरच्या मागणीचे जे निवेदन आपण मंगळवारी देणार आहोत, त्यात हे दोन मुद्दे यंत्रांच्या संख्येच्या आधी यावेत.

निमाडकर

हे दोन मुद्दे घातले तर निवेदनावर मी सही करीन, पण वर स्वतंत्र टीप जोडून. ज्या जिल्हा रुग्णालयात चोवीस तास रक्तसाठा आणि भूलतज्ज्ञ नाही, तिथे हेलिकॉप्टर सुरू करण्याआधी ती व्यवस्था झाली पाहिजे, अशी अट मला त्यात हवी आहे. ती अट वगळली तर माझे नाव घालू नये.

स्नेहलतागंज

अट राहू द्यावी, माझाही तिला पाठिंबा आहे. आणखी एक गोष्ट त्यात लिहून घ्या. हेलिकॉप्टर विमानतळावर उतरणार असेल, तर तिथून रुग्णालयापर्यंत पुन्हा गाडी आलीच. म्हणजे रुग्ण खाटेवरून गाडीत, गाडीतून हेलिकॉप्टरमध्ये, हेलिकॉप्टरमधून गाडीत आणि गाडीतून पुन्हा खाटेवर असा चार वेळा हलतो, आणि नळी निसटण्याचा धोका याच चार वेळांना सर्वाधिक असतो. अवयवदानासाठी इंदूरचे पोलीस ग्रीन कॉरिडॉर करून रस्ता मोकळा करतात, तसा तो जिवंत रुग्णासाठीही करता येईल, पण त्याने वेळ वाचेल, हलवाहलव वाचणार नाही. हेलिपॅड रुग्णालयाच्या आवारातच हवे, त्याभोवती कुंपण हवे आणि मोबाइलवर चित्रण करायला जमणारी गर्दी आवरणारा माणूस तिथे कायम नेमलेला हवा, कारण फिरत्या शेपटीच्या पंख्याची पाती डोळ्यांना दिसत नाहीत आणि अनोळखी माणूस हमखास मागच्या बाजूनेच धावत येतो.