घोड्यावर जीव लावायचा आणि उतारवयात विकून मोकळं व्हायचं?

रानवारा (धागाकर्ती):
आमच्या रायडिंग क्लबने एक घोडी विकायला काढली आहे. वय २१, पुढच्या उजव्या पायाचा सांधा धरलेला. साधी चालते तेव्हा कळत नाही, पण दुडकीला लागली की तो पाय टेकताना दर वेळी डोकं वर उडतं. जाहिरातीत एवढंच लिहिलंय: ‘शांत स्वभावाची, हलक्या रपेटीला उत्तम.’ क्लबातल्या निम्म्या लोकांची मांड हिच्याच पाठीवर पक्की झाली. हिच्या गळ्यात हात टाकलेले फोटो सगळ्यांकडे आहेत. विक्रीचा विषय निघाला की मात्र सगळ्यांना अचानक घरी जायची घाई होते.

घोडा नीट सांभाळला तर २५-३० वर्षं जगतो. पाठीवर माणूस वाहण्याची वर्षं त्याहून बरीच कमी. शर्यतीच्या घोड्यांचं तर विचारूच नका. दोन वर्षांचा असतानाच पळवायला घेतात, आणि पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांचा खेळ आटोपलेला असतो. पुढची वीस वर्षं कोणाच्या हिशेबात धरलेली असतात? फर्डिनंड नावाच्या घोड्याने १९८६ ची केंटकी डर्बी जिंकली, १९८७ मध्ये तो अमेरिकेतला वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. पुढे पैदाशीसाठी जपानला विकला. तिथे मागणी घटली, आणि २००२ मध्ये त्याची रवानगी कत्तलखान्यात झाल्याचं नंतर उघडकीला आलं. अशा नावाजलेल्या घोड्याची ही गत, तर क्लबातल्या घोडीला कोण विचारतो?

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांनी घोडा वापरला त्यांनीच त्याच्या म्हातारपणाचा खर्च उचलावा. रपेटीच्या शुल्कातच तेवढा वाटा बाजूला काढा, आणि विकलाच तर ‘नकोसा झाला तर आम्ही परत घेऊ’ ही अट लेखी घाला. ज्याला हे परवडत नाही त्याने घोडे पाळू नयेत. बोला.

चोख_हिशेब:
बोलतो. मी तबेला चालवतो, त्यामुळे कडू लागेल. ५०० किलोच्या घोड्याला रोज ८-१० किलो कोरडा चारा लागतो, तो काम करो वा न करो. नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी येणारच. नाल काढून टाकले तरी खूर वाढायचे थांबत नाहीत. वर्षातून एकदा तरी दातांना कानस मारावी लागते. दाढा झिजल्या की चारा चावता येत नाही, मग सगळं भिजवून, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. म्हातारा घोडा कामाच्या घोड्याइतकाच खर्चात पाडतो, कधी जास्तच. दहा ठाणांपैकी चार पेन्शनरांना दिली तर उरलेल्या सहा घोड्यांना जास्त राबवावं लागतं. ते चालेल का तुम्हाला?

आणि क्लब बंद पडला तर एका घोडीऐवजी सगळाच तबेला बेवारशी. ‘परवडत नाही त्याने पाळू नये’ या वाक्याला टाळ्या छान पडतात. तसं वागलं तर रायडिंग फक्त गर्भश्रीमंतांसाठी उरेल.

अवांतर: तुम्ही स्वतः घेताय का ही घोडी?

रानवारा:
एकटीला झेपणार नाही. तिघी-चौघींनी मिळून घ्यायची बोलणी चालू आहेत. पण हा विषयाला बगल देणारा प्रश्न आहे. क्लबने तिच्या पाठीवर इतकी वर्षं कमाई केली, त्यातलं तिच्यासाठी काय ठेवलं हे मी विचारायचं नाही, आणि तुम्ही मात्र माझी ऐपत काढायची?

शंकासुर:
मला मुळातच हे प्रकरण पटत नाही. घोड्याशी नातं वगैरे माणसाच्या मनाचे खेळ आहेत. बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याला गणितं येतात, टाप आपटून तो उत्तर देतो, म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. १९०७ मध्ये ओस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने त्यातलं इंगित मांडलं. बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि हान्स तेवढं पाहून थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्स नापास.

तुमची घोडीही खिशात गाजर आहे की नाही एवढंच बघते. नव्या जागी चारा आणि चार घोड्यांची सोबत मिळाली की ती रुळेल. दुःख तुम्हाला होतंय, ते घोडीच्या नावावर खपवू नका.

खरारा:
शंकासुर, तुमचाच दाखला तुमच्यावर उलटतोय. समोरच्याचं डोकं केसभर हललेलं, जे त्याचं त्यालाही कळत नव्हतं, ते हान्सने टिपलं. गणित नसेल आलं, माणूस वाचता येत होता ना? इतक्या बारकाईने बघणाऱ्या जनावराला कोणाचा हात कसा आहे ते कळत नाही, यावर माझा विश्वास नाही. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी घोड्यांना अनोळखी माणसांचे फोटो दाखवले. रागावलेला चेहरा दिसला की घोडे तो जास्त करून डाव्या डोळ्याने बघत, आणि त्यांच्या छातीचे ठोके लवकर वाढत. त्याआधी १९९३ मध्ये एका अभ्यासात दिसलं होतं की घोडे एकमेकांना दातांनी जिथे खाजवतात, म्हणजे मानेच्या बुडाशी, तिथे माणसाने खाजवलं तरी ठोके मंदावतात. दुसरीकडे खाजवून तसा फरक पडला नाही.

खरारा करणाऱ्याला हे अभ्यासाशिवायही ठाऊक असतं. आयाळ संपते तिथे बोटं रुतवून घासा. घोडा मान लांबवतो, वरचा ओठ पुढे काढून थरथरवतो, डोळे अर्धे मिटतो. काही घोडे तुमच्या खांद्यावर ओठ घासून परतफेडही करायला लागतात. गाजराचा काही संबंध नसतो.

आता रानवारा, तुम्हालाही थोडं सुनावते. ज्या घोडीवर इतकी माया आहे तिचं दुडकीतलं डोकं वर उडतंय हे तुम्ही पाहिलंत, चांगलं केलंत. पण अशा घोडीवर नवशिक्यांना बसवत होते तेव्हा क्लबातलं कोणीच का बोललं नाही? खोगीर कसताना कान मागे टाकणारा, पोटाकडे मान वळवून दात दाखवणारा घोडा दिसला की लोक ‘आज मूड नाही त्याचा’ म्हणतात आणि पट्टा आणखी एक घर ओढतात. पाठ लागली असेल, पोटात काही असेल, हे बघायचं सोडून. त्याला लहरी ठरवणं सोपं असतं. पुढे लहरी म्हणूनच तो विकलाही जातो. नकोसे घोडे असेच तयार होतात, त्यासाठी म्हातारपणाची वाट बघावी लागत नाही.

आणखी एक. तुम्हा तिघी-चौघींपेक्षा त्या घोडीचा जीव शेजारच्या ठाणातल्या घोड्यात जास्त गुंतलेला असेल. घेतलीत तर एकटी ठेवू नका. घोडा कळपातलं जनावर आहे, रविवारच्या भेटीवर त्याचं भागत नाही.

शंकासुर:
बरोबर. म्हणजे तिला माणसापेक्षा घोडाच हवा असतो. मी वेगळं काय म्हणालो?

खरारा:
तुम्ही म्हणालात, ती खिसा बघते.

दुसरी_बाजू:
कत्तलखान्याचं नाव निघाल्यावर इथे सगळ्यांना शहारे आले असतील, पण भावनेच्या भरात बंदी घातली की काय होतं ते अमेरिकेत दिसलंय. तिथले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले. घोडे वाचले का? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ मध्ये अहवाल दिला, त्याप्रमाणे २०१० मध्ये जवळपास १,३८,००० घोडे कत्तलीसाठी मेक्सिको आणि कॅनडात गेले. म्हणजे बंदीच्या आधी जितके कापले जात होते जवळजवळ तितकेच. फरक एवढाच की आता ट्रकमधला प्रवास लांबला आणि सीमेपलीकडे अमेरिकी तपासनीस नाही. शिवाय स्वस्तातल्या घोड्यांचे भाव आणखी पडले आणि सोडून दिलेल्या घोड्यांच्या तक्रारी वाढल्या, हेही त्याच अहवालात आहे. जवळचा, देखरेखीखालचा कत्तलखाना लांबच्या कत्तलखान्यापेक्षा बरा, हे ऐकायला वाईट वाटलं तरी खोटं नाही.

रानवारा:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. पुढच्या दहा वर्षांत हा निर्यातीचा आकडा खूप खाली आला. ब्रिटनने तर २०२४ मध्ये कत्तलीसाठी जिवंत घोडे बाहेर पाठवण्यावर कायद्यानेच बंदी घातली. आणि स्वारीच्या घोड्यांना बहुतेक वेळा फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक दिलेलं असतं. ज्या जनावराचं मांस खाल्लं जाणार त्याला ते औषध चालत नाही. म्हणजे तुमचा देखरेखीखालचा कत्तलखाना उघडला तरी आमच्या घोडीसाठी तो वैध मार्ग नाहीच. उरतो तो खोट्या कागदांचा.

दुसरी_बाजू:
औषधाचा मुद्दा मान्य. पण मग तो घोडा जाणार कुठे याचं उत्तर अजून आलेलं नाही. निवारागृहांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागा असतात.

खुरांचा_डॉक्टर:
उत्तर मी देतो, आवडणार नाही. दयामरण.

मी जनावरांचा डॉक्टर आहे. चार मालक बदललेला म्हातारा, लंगडा घोडा कसा दिसतो ते रोज बघतो. लंगडा घोडा स्वस्तात विकणं हा त्याच्या बाबतीतला सर्वांत वाईट निर्णय असतो. विकायच्या आधी वेदनाशामक पाजलं की तो दोन-तीन दिवस सरळ चालतो, घेणारा फसतो, आणि खरं कळल्यावर तोही त्याच युक्तीने पुढे ढकलतो. प्रत्येक हाताबरोबर किंमत उतरते आणि खुराकही. त्यापेक्षा ओळखीच्या जागी, ओळखीच्या माणसाच्या हातात दोर असताना डॉक्टरच्या इंजेक्शनने जाणं कितीतरी बरं. धागाकर्तीला जबाबदारी म्हणजे तिसाव्या वर्षापर्यंत जगवणं वाटतंय. सांधे असे धरलेल्या काही घोड्यांसाठी ती शिक्षा असते. रात्री आडवं होऊन झोपता येत नाही, कारण परत उठता येत नाही.

पण यालाही पैसा लागतो, हेही सांगून ठेवतो. दयामरणाच्या इंजेक्शनातलं पेंटोबार्बिटल दिलेलं कलेवर उघड्यावर टाकता येत नाही, ते खाऊन गिधाडं आणि कुत्री मरतात. खोल पुरायचं किंवा जाळायचं. पाच क्विंटलचं जनावर आहे, यंत्र बोलवावं लागतं. हा खर्च टाळायला लोक घोडा विकतात, आणि वर ‘चांगलं घर मिळालं’ म्हणतात.

रानवारा:
डॉक्टर, तुमच्याशी वाद घालणं अवघड आहे, तरी घालते. सोय म्हणून मारणं आणि यातना संपवायला मारणं यातली रेघ कोण ओढणार? ही घोडी अजून उठते-बसते, मोकळ्यावर सोडली की लोळते. तिला फक्त स्वारी झेपत नाही. स्वारी झेपत नाही म्हणून इंजेक्शन, हे मला मान्य नाही.

खुरांचा_डॉक्टर:
मलाही नाही. लोळून स्वतःची स्वतः उठत असेल तर तिला आत्ता इंजेक्शन नको. पण ‘हलक्या रपेटीला उत्तम’ ही जाहिरातही नको. निदान पायाचं खरं लिहा.

चोख_हिशेब:
यावर डॉक्टरांशी सहमत. लंगडी घोडी धडधाकट म्हणून विकणं ही फसवणूक आहे, तिथे मी क्लबची बाजू घेणार नाही.

परत घेण्याच्या अटीचं मात्र सांगतो. मी पहिल्या गिऱ्हाइकाकडून सही घेईन. त्याने दुसऱ्याला विकला, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिसऱ्याला माझं नावसुद्धा माहीत नसतं.

खरारा:
कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असली तर नाव सापडतं. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक घोड्याला चिप सक्तीची आहे. ज्याने घोडा जन्माला घातला त्याच्यापर्यंत माग काढता आला पाहिजे, कारण नकोशा घोड्यांचा उगम तिथेच आहे. दरसाल शिंगरं जन्माला घालायची, त्यातली जिंकणारी ठेवायची आणि बाकीची वाऱ्यावर सोडायची, हे थांबल्याशिवाय निवारागृहं कितीही बांधा, भरतच राहणार. शर्यतवाल्यांनी नोंदणीच्या वेळीच निवृत्तीचे पैसे भरावेत, क्लबवाल्यांची पाळी त्यानंतर.

रानवारा:
क्लबवाल्यांना इतक्या सहज सोडायला मी तयार नाही. जाहिरातीत पायाचा उल्लेख का नाही, हे आज लेखी विचारलंय, उत्तर आलं की इथे टाकते. तोवर चोख_हिशेब, एक सांगा. तुमच्या तबेल्यातला सगळ्यांत म्हातारा घोडा आता कुठे आहे?

चोख_हिशेब:
मागच्या ठाणात. विकलेला नाही, विकणारही नाही. पण तसा एकच आहे, आणि एकच परवडतो. पहिल्या प्रतिसादापासून मी दुसरं काय सांगतोय?