कात्रज ते सिंहगड दिवसा: पाणी, वेळ आणि मधेच उतरायची वेळ आली तर?

टेकडीकर
डिसेंबरमधल्या एका रविवारी पाच जणांचा बेत आहे. के टू एस, म्हणजे कात्रज ते सिंहगड या डोंगरवाटेच्या ट्रेकबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक रात्रीच्या, पौर्णिमेच्या ट्रेकचं. आम्हाला दिवसाच जायचंय. सगळे जण पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड तासाभरात चढतात. पाणी किती न्यावं, निघावं किती वाजता, वाट चुकते ती नेमकी कुठे, आणि एखाद्याला झेपलं नाही तर मधूनच खाली कसं उतरायचं, हे जाणकारांनी सांगावं.

धारकरी
सिंहगड तासात चढता म्हणजे दम आहे, पण हा ट्रेक दमापेक्षा गुडघ्यांचा आहे. अंतर तेरा ते सोळा किलोमीटर, कुठून कुठवर मोजता त्यावर. त्रास अंतराचा नाही. प्रत्येक टेकडी चढून मिळवलेली उंची पुढच्या खिंडीत घालवायची आणि पुन्हा चढायचं, हे दिवसभर चालतं. म्हणून आधीच्या आठवड्यात पाचही जणांनी चार-पाच किलोची सॅक घेऊन सिंहगड एकाच दिवशी दोनदा चढून-उतरून बघा. दुसऱ्या उतरणीला ज्याचे पाय थरथरतील त्याला या वेळी नेऊ नका.

वेळ: डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सहाच्या आसपास मावळतो. साडेसहाला जुन्या बोगद्याजवळून, वाघजाई मंदिराच्या बाजूने चढायला लागा. सरासरी गटाला सात-आठ तास लागतात. चाल पूर्वेकडून पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन पाठीवर असतं आणि दुपारनंतर थेट तोंडावर येतं. उशिरा निघालं तर नेमके थकलेले असताना ते डोळ्यांत घेऊन घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, उतरावं लागतं. धारेवर, म्हणजे डोंगराच्या माथ्याच्या अरुंद रांगेवर, सावली जवळजवळ नाही. बाराला निम्मी वाट झाली नसेल तर पुढे रेटू नका. प्रत्येकाकडे हेडटॉर्च हवाच, दिवसाचा ट्रेक असला तरी.

रानजाई
पाण्याचं सांगते. वाटेत भरवशाचं पाणी कुठेही नाही. माणशी चार लिटर घ्या, मार्चनंतर पाचही कमी पडतं. सगळं एकाच मोठ्या बाटलीत नको; एक लिटरच्या चार बाटल्या असल्या की किती संपलं ते कळतं. तिसरी बाटली उघडताना निम्म्याहून पुढे असायला हवं. ओआरएसची लिटरची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच घाला. घाईत अर्ध्या लिटरमध्ये ढवळली की द्रावण दाट होतं, मळमळतं, तहान वाढते.

खायला गूळपोळी, दशम्या, खजूर, शेंगदाणे. चिवडा-फरसाण टाळा, त्याने पाणी जास्त लागतं. दर तासाला चार घास खा. एकदाच पोटभर जेवून पुढचा चढ जड जातो.

आणखी एक, जे फार कमी जण सांगतात: कुसळं. पावसाळ्यानंतर वाळलेलं गवत गुडघ्याच्या वर असतं. लोकरी मोजे आणि ट्रॅकपँटच्या कापडात कुसळं अशी रुततात की चालणं अवघड होतं. गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट घाला, वर गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंतचं कापडी आवरण) असतील तर उत्तम. घोट्यापर्यंतचे बूट हवेतच. घोणस, फुरसं अशा गवतात असतात, म्हणून पाय कुठे टाकतोय ते बघूनच टाकावा. याच गवतामुळे काडी, सिगारेट, चूल धारेवर बिलकूल नको. वणवा वाऱ्याबरोबर चढावर माणसापेक्षा वेगाने येतो.

धारकरी
वाट चुकण्याबद्दल. मुख्य धार सोडायची नाही, हा एकच नियम. टेकडीच्या माथ्यावरून मळलेल्या दोन-तीन वाटा फुटतात. त्यातल्या काही सोंडेवरून (मुख्य धारेपासून बाजूला उतरणाऱ्या फाट्यावरून) सरळ खाली गावाकडे जातात, गुराख्यांच्या असतात, आणि बहुतेक वेळा त्याच जास्त रुंद दिसतात. म्हणून उतरायला लागण्याआधी माथ्यावर थांबून समोर बघा: सिंहगडावरचा टॉवर नाकासमोर, पुणं-खडकवासला उजव्या हाताला, खेड शिवापूर आणि सातारा रस्ता डावीकडे. दहा मिनिटं उतरूनही पुढची खिंड समोर दिसत नसेल तर सोंडेवर गेलात. परत वर या. आडवं कापून धार गाठायला जाऊ नका, मधे कातळ आणि घळी लागतात. वाटेचा जीपीएस ट्रॅक आधीच फोनवर उतरवून घ्या.

घसाऱ्यावर लोक घाबरून मागे रेलतात आणि तिथेच पडतात. रेललं की वजन टाचेच्या मागे जातं आणि पाय सुटतो. गुडघे वाकवा, अंग पायांवर ठेवा, तिरके उतरा, पावलं लहान. वाळल्या गवताला धरू नका, मुळासकट हातात येतं. एकाखाली एक न राहता वेगवेगळ्या रेषेत उतरा; दगड सुटला की ‘दगड!’ असं मोठ्याने ओरडायचं. उतरणीआधी बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट करा, नाहीतर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं.

टेकडीकर
मनापासून आभार. मधे उतरायचं झालं तर? आणि एकाचा गुडघा जुना दुखरा आहे.

धारकरी
उतरायचं ते खिंडीतूनच, माथ्यावरून कधीच नाही. पहिल्या टप्प्यात उत्तरेला जांभूळवाडी-कोळेवाडीची बाजू सोयीची. रस्ता आणि रिक्षा तिकडेच जवळ. एकट्याला उतरवू नका, दोघे सोबत जा. पाय मोडला, चक्कर आली तर ओढत नेऊ नका. सावली करा आणि ११२ ला फोन करून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश सांगा. फोन फ्लाइट मोडवर ठेवला तर बॅटरी पुरते.

रानजाई
गुडघा दुखरा असेल तर या ट्रेकला नाहीच. त्यांना दुपारी गाडी घेऊन येऊ द्या. वाट शेवटी सिंहगडाच्या डांबरी रस्त्याला लागते आणि रविवारी वरून येणाऱ्या जीपा तिथे भरलेल्याच असतात. गाडीत पाच लिटर पाणी आणि चपला असू द्या.