मदत हवी आहे: आरएक्स १००चं इंजिन काम किती किलोमीटर टिकतं?

बाबांची १९९५ची यामाहा आरएक्स १००. गेल्या महिन्यात पूर्ण इंजिन काम केलं: बोअर (सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करणं), त्यात बसणारा ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, क्रँकची दोन्ही सीलं. सध्या रनिंग-इनमध्ये आहे, म्हणजे नवे भाग नीट बसेपर्यंत हळू चालवतोय, पन्नासच्या वर नेत नाही. एअर फिल्टर धुतो, टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलसोबत जळणारं तेल) चांगलंच घालतो, ऑइल पंपाची केबलही जुळवून घेतली. तरी घाट चढताना धाकधूक होतेच. मागचं काम सहा हजार किलोमीटरही टिकलं नव्हतं. सील जुनंच ठेवल्यामुळे इंजिन बाहेरची हवा ओढत होतं, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होऊन (पेट्रोल कमी पडून) पिस्टन जाम झाला.

रोज चालवणाऱ्यांनो, तुमचं काम किती टिकलं? रिंगा कधी बदलल्या? सायलेन्सरमधला कार्बन किती दिवसांनी काढता? बाबांची गाडी आहे, विकायची नाहीये. कृपया स्वतःचा अनुभव सांगा.