जुन्या वस्तूंच्या दुकानातून दिव्यांगांना रोजगार: देणगी नेमकी कुठे पोहोचते?

(एका चर्चामंचावरील संवाद; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

दोन कपाटे

घर आवरताना कपडे, भांडी, पुस्तके आणि एक टोस्टर असा बराच ऐवज निघाला आहे. तो जुन्या वस्तूंच्या एका धर्मादाय दुकानाला द्यावा, असा विचार आहे. दुकानाच्या फलकावर ‘आपल्या देणगीतून दिव्यांग व्यक्तींना रोजगार मिळतो’ एवढेच लिहिलेले आहे. दिव्यांग व्यक्ती त्याच दुकानात कामाला असतात, की विक्रीच्या पैशातून त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च भागतो, की दुकान कोणा दुसऱ्याचेच असून संस्थेला फक्त ठरावीक वाटा मिळतो? या तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यात बसू शकतात, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

हिशेबनीस

तिन्ही प्रकार अस्तित्वात आहेत, त्यामुळे आपली शंका रास्त आहे.

एक जुना प्रकार अमेरिकेतल्या ‘गुडविल’ या धर्मादाय संस्थेचा. एडगर हेल्म्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने 1902 मध्ये बोस्टन शहरात हे काम सुरू केले. सुखवस्तू घरांतून टाकाऊ कपडे आणि सामान गोळा करायचे, ते दुरुस्त करण्यासाठी गरजूंनाच कामावर घ्यायचे आणि विक्रीतून त्यांना मजुरी द्यायची, अशी त्याची रीत होती. म्हणजे तिथे दुरुस्ती हाच रोजगार होता. पुढे तयार कपडे इतके स्वस्त झाले की शिवण उसवलेला सदरा दुरुस्त करणे परवडेनासे झाले, आणि दुकान हे मुख्यतः निधी मिळवण्याचे साधन बनले. त्या निधीतून प्रशिक्षण, नोकरीचा शोध आणि नोकरी लागल्यावर कामाच्या जागी सोबत राहणारा जॉब कोच यांचा खर्च चालतो.

तिसऱ्या प्रकारात नफ्यासाठी चालणारी कंपनी धर्मादाय संस्थेकडून माल बहुधा वजनावर विकत घेते. अशा वेळी आपला कोट दुकानात कितीही किमतीला विकला गेला, तरी संस्थेच्या हाती वजनाचाच दर पडतो. त्यात बेकायदा काही नाही, पण देणाऱ्याला ते ठाऊक असायला हवे. दुकानाची मालकी कोणाची आहे, हा पहिला प्रश्न विचारावा.

मागची खोली

मी अशा एका दुकानात दोन वर्षे वर्गीकरणाचे काम केले आहे. ग्राहकाला दिसते ते दुकान लहान असते, खरे काम मागे चालते. आलेल्या मालातला बराचसा विकण्याजोगा नसतो. एकच बूट, तुकडे हरवलेली कोडी, वायर तुटलेली उपकरणे असे काहीही येते. एखादी ओली पिशवी आली तर बुरशीचा वास शेजारच्या चांगल्या कपड्यांनाही लागतो. जे विकले जात नाही ते चिंधीवाल्यांना किंवा निर्यातदारांना गाठोडी बांधून वजनावर जाते, आणि उरलेला कचरा उचलण्याचे पैसे संस्थेलाच भरावे लागतात. म्हणजे आपण कचरा दिला, तर तो रोजगाराच्या निधीतूनच उचलला जातो.

आमच्याकडे किमतीच्या चिठ्ठ्यांचे रंग आळीपाळीने बदलत आणि दर आठवड्याला एका रंगावर सवलत असे. हे रंगांचे वेळापत्रक सांभाळणारा माझा सहकारी बौद्धिक दिव्यांग होता, आणि त्याची चूक मला कधी सापडली नाही. मात्र त्याला तेच काम वर्षानुवर्षे दिले गेले, हे मला तेव्हाही खटकत असे. जॉब कोच नियमित येऊ लागल्यावरच तो गल्ल्यावर बसू लागला. म्हणून ‘किती जणांना काम दिले’ यापेक्षा ‘किती जण पुढच्या कामावर गेले’ हे विचारणे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

समान दाम

वेतनाचा मुद्दा अजून कोणी मांडला नाही. अमेरिकेच्या 1938 च्या श्रममानक कायद्यातील कलम 14(क) नुसार, विशेष प्रमाणपत्र असलेल्या संस्थेला दिव्यांग कामगाराला किमान वेतनाहून कमी मजुरी देता येते. दिव्यांगत्व नसलेला अनुभवी कामगार तेच काम किती वेळात करतो हे मोजून त्या प्रमाणात दर काढतात, आणि ताशी दराचा निदान दर सहा महिन्यांनी एकदा फेरविचार करावा लागतो. तिथले संघराज्याचे किमान वेतनच 2009 पासून ताशी 7.25 डॉलरवर थांबले आहे, त्याहूनही कमी म्हणजे काय याची कल्पना करावी. न्यू हॅम्पशायर, मेरीलँड, अलास्का यांसारख्या काही राज्यांनी ही सवलत काढून टाकली आहे.

ही सवलत गेली तर ज्यांना सतत आधार लागतो त्यांना कोणीच कामावर ठेवणार नाही, असे तिचे समर्थक म्हणतात. ही भीती अगदीच खोटी नाही. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारातील कलम 27 समान मूल्याच्या कामासाठी समान मोबदला मागते, आणि आधाराचा खर्च कामगाराच्या मजुरीतून कापण्याऐवजी देणग्यांच्या विक्रीतून भागवावा, यासाठीच तर ही दुकाने असतात ना?

दोन कपाटे

सर्वांचे आभार. दुकानाला तीन प्रश्न लिहून पाठवले होते. मालकी संस्थेचीच असल्याचे आणि सर्वांना किमान वेतन मिळत असल्याचे लेखी उत्तर आले, पुढच्या कामावर किती जण गेले याची माहिती मात्र अजून आलेली नाही. कपडे धुऊन वाळवून ठेवले आहेत. टोस्टरची वायर तुटलेली आहे, त्यामुळे तो यादीतून काढला आहे.