बंदुकीचा ‘घोडा’ दाबायचा की चढवायचा?

मुद्रितशोधक, सदाशिव पेठ
बातम्यांत आणि अनुवादित रहस्यकथांत ‘त्याने घोडा दाबला’ हे वाक्य सर्रास दिसतं. ते चूक आहे. बोटाने ओढतात तो चाप. घोडा मागे असतो: अंगठ्याने मागे ओढून चढवायचा, आणि चाप ओढला की तो पुढे आदळतो. जुन्या चकमकीच्या बंदुकीत याच घोड्याच्या तोंडात गारगोटी आवळलेली असे. ती पोलादी पट्टीवर घासली की ठिणग्या पडून रंजक, म्हणजे बार पेटवायची बारीक दारू, पेटायची. ‘चाप ओढला’ असंच छापावं.

असहमत
मग निम्म्या महाराष्ट्राची भाषा तपासायला घ्या! ‘घोडा दाबणे’ केव्हाच रुळलंय, गोळी सुटली एवढं वाचकाला कळतं. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर अख्खं पिस्तूलच ‘घोडा’. आणि तुमचा चाप तरी कुठे सोवळा आहे? केसांना चाप, धनुष्य म्हणजेही चाप, शिवाय रोजच्या मथळ्यात ‘अतिक्रमणांना चाप’.

नेमबाज
कळतं म्हणून भागत नाही. दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नुसता चाप ओढूनही घोडा चढतो आणि पडतो, पण त्याला साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लागतो. घोडा आधीच चढवलेला असेल तर दीड-दोन किलोत काम होतं. ‘चुकून गोळी सुटली’ हा बचाव पटतो की नाही, ते यावरही ठरू शकतं. जबाबात दोन्ही भागांना ‘घोडा’ लिहिलं की हा फरकच पुसला जातो.

चढलेला घोडा गोळी न झाडता उतरवायची क्रिया बघा. नळी सुरक्षित दिशेला, अंगठ्याने घोडा घट्ट धरायचा, चाप ओढायचा, घोडा हळूहळू पुढे येऊ द्यायचा. अंगठा निसटला की गोळी सुटते. आता हेच ‘असहमत’ यांच्या मराठीत लिहा: घोडा धरून घोडा दाबायचा आणि मग घोडा सोडायचा. करून दाखवा!

कित्येक नव्या पिस्तुलांना तर घोडाच नसतो, आत स्ट्रायकर, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर काडतुसावर आदळणारी पिन असते. तिथे दाबणार काय?

तारवाला
मुद्रितशोधकांच्या बाजूने एक मुद्दा. घोडा किंवा घोडी म्हणतात ती वस्तू अंगावर काहीतरी पेलते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारा टेकतात. तार आणि घोडी यांच्यामधला जवारीचा दोरा केसभर जरी सरकला तरी झंकार मरतो. व्हायोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी राहते. म्हणून तारा एकेक करून बदलतात. चारही एकदम सैल केल्या तर घोडी आडवी होते, कधी पेटीच्या आत उभी असलेली आधाराची काडीही पडते. रंगाऱ्याच्या दोन घोड्या फळी पेलतात, आणि पायांमधली दोरी सैल असेल तर गुळगुळीत फरशीवर फाकतात. चकमकीचा घोडा गारगोटी पेलतो. चाप काय पेलतो?

असहमत
आणि बुद्धिबळातला घोडा काय पेलतो? अडीच घरं उडी मारतो, बस. घोडचुकीच्या पाठीवर कोण बसलंय? शब्द असे एका खुंटीला बांधून राहत नाहीत. तांत्रिक मजकुरात, जबाबात दोन वेगळे शब्द हवेत, नेमबाजांचं हे मान्य. पण कादंबरीतला गुंड ‘चाप ओढू का?’ असं विचारायला लागला तर वाचक हसेल.

मुद्रितशोधक
गुंडाच्या तोंडी काहीही घाला, अवतरणचिन्हांत मी हात लावत नाही. निवेदनात मात्र चापच.

नेमबाज
ऐतिहासिक लेखनात उलटी चूकही होते, तीही पकडा. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीच्या, बंदुकीत गारगोटी नव्हती. चाप दाबला की पेटता तोडा धरलेली चिमटी खाली कानाशी, म्हणजे नळीच्या बाजूच्या छिद्राशी, यायची आणि रंजक पेटायची. त्यामुळे शिवकाळातल्या तोडेवाल्याने लढाईआधी ‘घोडा चढवला’ असं वाक्य आलं तर तेही खोडा. त्याला तोडा पेटता ठेवावा लागे, जळेल तसा पुढे सरकवावा लागे, आणि पाऊस आला की रंजक झाकावी लागे.