स्फिग्मोमॅनोमीटर म्हणायचं की रक्तदाबमापक?

धागाकर्ती:
नववीला विज्ञान शिकवते. माझं मत असं, की उपकरणांची नावं मुलांना ग्रीक मुळांसकट सांगावीत. ‘वायुभारमापक’, ‘आर्द्रतामापक’ घोकून घेऊ नयेत. थर्मोस म्हणजे गरम, बॅरोस वजन, हायग्रोस ओलं, अनेमॉस वारा. शेपटीला मेट्रॉन, म्हणजे माप. एवढं कळलं की वेधशाळेतली निम्मी उपकरणं ओळखीची होतात. पुढे कॉलेजात हीच नावं भेटणार आहेत.

ओळंबा:
अहो बाई, ग्रीक पोराला ‘बॅरोस’ घोकावा लागत नव्हता, तो त्याच्या घरातला शब्द. आमच्या पोराच्या घरातला शब्द ‘भार’. टॉरिचेल्ली या शास्त्रज्ञाची पाऱ्याची नळी, म्हणजे तुमचा बॅरोमीटर, घ्या. पारा साधारण ७६ सेंटिमीटरवर थांबतो, कारण बाहेरची हवा वाटीतल्या पाऱ्यावर भार टाकते. ‘वायुभारमापक’ म्हटलं की निम्मा धडा नावातच झाला. तुमचे चार शब्द पाठच करायचे, मग आमचे का नकोत?

धागाकर्ती:
ग्रीक नाव नेमकं असतं म्हणून.

जुना कंपाउंडर:
नेमकं? स्टेथोस्कोप घ्या. स्टेथोस म्हणजे छाती, स्कोपेइन म्हणजे बघणं. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली ती ऐकायला. तेव्हापासून डॉक्टर कानाने बघतायत! स्फिग्मोमॅनोमीटर तर विचारूच नका. स्फिग्मोस नाडी, मॅनोस विरळ. विरळ नाडीचं माप? रक्त कुठे, दाब कुठे? अर्थात ‘रक्तदाबमापक’ही माझ्या अख्ख्या नोकरीत कुणी मागितला नाही. ‘बीपीचं मशीन आण रे’, एवढंच.

धागाकर्ती:
स्कोपेइन म्हणजे तपासणंही. मॅनोसचं मात्र मान्य.

पहाटेची डेअरी:
आमच्याकडे दुधातलं पाणी ओळखायला लॅक्टोमीटर. पुढचा तुकडा लॅटिन, मागचा ग्रीक. शुद्ध ग्रीक हवं तर गॅलॅक्टोमीटर म्हणावं लागेल. गाला म्हणजे दूध. पण दूध घालायला आलेला माणूस नाव घेतच नाही. काचेची नळी दुधात सोडतात, ती डुलत स्थिर होते, आणि तो मान वाकवून विचारतो, “डिग्री किती लागली?” २८ लागली तर चेहरा खुलतो, २४ ला दुधात पाणी किती यावरून जुंपते.

धागाकर्ती:
बरं, एक सांगा. ओळंबासाहेब, ‘केंद्र’ वापरता ना? तो ग्रीक केंट्रॉन. लग्नाच्या मुहूर्तात ‘जामित्र’, म्हणजे कुंडलीतलं समोरचं सातवं स्थान, बघतात, तो ग्रीक डायामेट्रॉन, म्हणजे व्यास. त्यात मेट्रॉनच लपलाय! लग्नात ग्रीक चालतं आणि प्रयोगशाळेत बाटतं?

ओळंबा:
चालतं, कारण आम्ही ते दळून घेतलं. ‘जामित्र’ म्हणताना जीभ अडखळत नाही. स्फिग्मोमॅनोमीटर एका दमात म्हणून दाखवा. आणि मेट्रॉनचं म्हणाल तर आमची ‘मात्रा’ त्याची सख्खी बहीण, मूळ धातू एकच. घरात बहीण असताना पाहुणीला का राबवायचं?

जुना कंपाउंडर:
मीटरही दळूनच झालाय की. ‘रिक्षा मीटरने येणार का?’ असं विचारताना कुणाला ग्रीस आठवतो?

पहाटेची डेअरी:
उद्या संकलनाला ‘गॅलॅक्टोमीटर द्या’ म्हणून बघतो. माप घेणारा आधी माझीच डिग्री बघेल.