शलोम बायित: गृहशांती की सलोखा?

खडूस_भाषांतरकार: ज्यू लग्नावरचा एक लेख मराठीत करतोय. किद्दुशीन (लग्नाचा पहिला विधी) आणि शलोम बायित (घरात सगळ्यांचं गुण्यागोविंदाने जमणं), या दोन हिब्रू शब्दांवर अडलोय. दुसऱ्याला 'गृहशांती' केलं तर संपादकबाई विचारतात, ज्यूंतही लग्नाआधी ग्रहमख असतो का?! पहिल्याला 'साखरपुडा' चालेल?

टिकली: गृहशांती म्हटलं की मला वास्तुशांतीचं जेवणच दिसतं 😂 'घरातली शांतता' लिही.

कोर्लईकर: शांतता म्हणजे नवराबायकोचा अबोला, आमच्याकडे तरी. सरळ 'सलोखा' लिहा. तालमूदात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, आहे ना, पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर हनुक्का सणाचा राहू दे, शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा लाव, अंधारात घरच्यांचे हाल नकोत. हेच ते शलोम बायित.

शुद्धमती: सलोखा परका शब्द! 'सामंजस्य' असताना उसनवारी कशाला?

टिकली: सलोखा शलोमवरूनच आला असणार. कोकणात बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू, होतेच की.

कोर्लईकर: छे हो, शलोमचा भाऊ सलाम. सलोखा अरबी सुलूकवरून. आमची आजी बेने इस्रायली, तिच्या तोंडी यातलं काहीच नव्हतं, घरात वाजलं की म्हणायची, "दिवे लागायच्या आत मिटवा." शनिवारी घाणा बंद म्हणून गावात आम्ही शनवार तेली.

जुनाट: किद्दुशीनचं राहिलंच. साखरपुडा नका लिहू, तो मोडता येतो, किद्दुशीन झाल्यावर वेगळं व्हायचं तर गेट म्हणजे काडीमोडाचं पत्र लागतंच. पूर्वी त्यानंतर वर्षभराने निस्सुईन, म्हणजे लग्नाचा दुसरा विधी व्हायचा, हल्ली दोन्ही एकाच चुप्पाखाली, म्हणजे लग्नाच्या छताखाली उरकतात. अंगठी घालताना नवरा 'मेकुदेशेत' म्हणतो तेही किद्दुशीनच्याच हिब्रू शब्दमुळातलं, अर्थ 'वेगळी राखलेली'. मला 'सोवळं' सुचतंय.

शुद्धमती: सोवळ्यात शिवत नाहीत, आणि हे लग्न आहे.

जुनाट: बाकी जगाने शिवायचं नाही हो. तालमूदात तसंच म्हटलंय, मंदिराला वाहिलेल्या वस्तूसारखी ती इतर सगळ्यांना वर्ज्य.

टिकली: म्हणजे ती वाहिलेली आणि तो मोकळा? वा! शिवाय 'सोवळी बाई' म्हणजे आलवणातली विधवा, लग्नाच्या लेखात कुठे घालता!

जुनाट: तो अर्थ आता कोणाला माहीत आहे?

टिकली: मला!

शुद्धमती: 'सामंजस्य'वर कोणी बोलेल का?

खडूस_भाषांतरकार: मी किद्दुशीन किद्दुशीनच ठेवतो, खाली टीप देतो.

पेणचा_बंड्या: कोर्लईकर, घाण्यावरून आठवलं, लाकडी घाण्याचं तेल तुमच्याकडे अजून कोणी काढतं का?